जीप बघायची तर जुलैत

कोकणात जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी जीप घ्यायची असेल तर ती मे महिन्यात बघू नका. मे महिन्यात सगळंच छान दिसतं. चाकरमानी गावी आलेले, जमीन खडखडीत, आणि अंगणात नुकती धुऊन, टायरना काळं पॉलिश मारून उभी केलेली जीप. हवा गरम असते म्हणून ती पहिल्या चावीला चालू होते. पाऊस नसतो म्हणून टपातून, काचेच्या रबरातून कुठे गळतं ते दिसत नाही. चिखल नसतो म्हणून पुढची चाकं खरंच ओढतात का ते समजत नाही. आणि घ्यायला आलेला माणूस दोन दिवसांत मुंबईला परतणार असतो, त्यामुळे व्यवहार उरकायची घाई त्यालाच जास्त. मग जून उजाडतो. त्याच गाडीत पायाखाली पाणी साचतं, सकाळी तिला धक्का मारावा लागतो, आणि घाटीच्या चिखलात ती मागच्या दोन चाकांवर जागच्या जागी घसरत राहते.

म्हणून मला कोणी "जरा गाडी बघायला येतोस का" असं विचारलं की मी म्हणतो, जुलैत जाऊ. तोवर विकली गेली तर गेली. जुन्या जीपा आपल्याकडे पुष्कळ निघतात, सांगाडा धड असलेली मात्र शोधावी लागते.

आमचं घर गुहागरच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. डांबर बरंच अलीकडे संपतं. पुढे जांभ्याची लाल वाट, मध्ये दोन पऱ्ये (ओढे) आणि मग बागेची चढण. पावसाचे चार महिने ही वाट साध्या गाडीची नव्हे. रात्री पोटात दुखायला लागलेलं माणूस, कळा सुरू झालेली लेक, खताची पोती, गणपती, सगळं याच वाटेने येतं-जातं. आंब्याच्या एका हंगामाचे पैसे जुन्या गाडीत घालणारी घरं माझ्या आजूबाजूला आहेत. अशा घराच्या गळ्यात कुजलेली गाडी पडली की ते दोन-तीन वर्षं मागे जातं. ते बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बाजारात फिरणारा माल तसा ओळखीचा आहे. महिंद्राने १९४७ पासून विलीजच्या जीपा इथे जुळवायला घेतल्या आणि पुढे कित्येक दशकं त्याच घराण्यातल्या गाड्या निघत राहिल्या. एमएम ५४०, एमएम ५५०, कमांडर, मेजर ही त्यातली आपल्या रस्त्यांवरची माहितीतली नावं. ५४०मध्ये २११२ सीसीचं प्यूजो डिझेल असायचं. पुढच्या गाड्यांत २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं साधं इंजिन आलं, आणि २०१० साली निघालेल्या पहिल्या थारच्या डीआय मॉडेलातही ते राहिलं. मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ची, आधी ९७० सीसी, १९९६ला १३०० सीसीची जिप्सी किंग, २००० साली एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं इंजिन. याखेरीज फोर बाय फोर बोलेरो, ट्रॅक्स, गुरखा अशा गाड्या अधूनमधून दिसतात.

पण मॉडेल विचारायच्या आधी मी दुसरंच विचारतो. ही गाडी आजवर पोटासाठी काय करत होती?

वडापवर, म्हणजे भाड्याने माणसं भरून नेण्याच्या धंद्यात असलेली कमांडर किंवा ट्रॅक्स असेल तर तिने आयुष्यभर दुप्पट माणसं वाहिलेली असतात. मागचे कमानपाटे (स्प्रिंगचे पाटे) सरळ झालेले, पाट्यांची टोकं जिथे चासीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) अडकतात तिथे चिरा गेलेल्या, मागच्या फुटबोर्डाला चार ठिकाणी वेल्डिंग. चिऱ्याच्या खाणीवर राबलेल्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यातून जांभ्याची मैद्यागत धूळ आत गेलेली असते. तिचं इंजिन आवाजाला ठीक वाटलं तरी ऑइल पिणारं निघतं. बागायतदाराची गाडी वर्षातले दोन-तीन महिने पेट्या वाहते आणि बाकी वेळ मांगराजवळ (बागेतल्या खोपटाजवळ) उभी असते. तिचे ब्रेक धरलेले असतात, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, डिझेलच्या टाकीत गाळ असतो. तरीसुद्धा समुद्रापासून आत असलेल्या बागेतली, कौलाखाली उभी राहिलेली गाडी माझ्या मते सगळ्यात चांगली. तिला जे झालेलं असतं ते गॅरेजमध्ये दुरुस्त होण्याजोगं असतं.

आणि मासळीची गाडी. ती कितीही स्वस्त असली तरी माझं मन होत नाही. बंदरावरून मासळीचे क्रेट भरून गाडी निघते तेव्हा क्रेटमधला बर्फ वितळत असतो. ते पाणी खारं, त्यात मासळीचं रक्त आणि खवले. हौद्यात ते साचतं, हौद्याच्या सांध्यांतून झिरपतं आणि थेंबाथेंबाने खाली चासीवर, मागच्या ब्रेकच्या पाइपांवर, डिझेलच्या टाकीच्या पट्ट्यांवर पडत राहतं. रोज पहाटे, वर्षानुवर्षं. मालकाने हौदा दररोज धुतलेला असतो, त्याच्या कष्टांत खोट नाही. पण वरून मारलेलं पाणी खालच्या पोकळीपर्यंत पोचत नाही. अशी गाडी नंतर नवा हौदा, नवा रंग, वर सॉफ्ट टॉप आणि पुढे विंच बसवून विकायला येते. ओळखायची कशी, तर मागच्या मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या पट्टीमागे, टेललाइटच्या डब्यात नाक घालायचं. वास रंगाने जात नाही. डब्यातल्या कोपऱ्यात वाळलेले खवलेसुद्धा सापडतात.

मिठाचं असं आहे की ते एकदा गाडीला लागलं की स्वतःहून ओल धरतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओलं राहतं. आपल्या किनाऱ्यावर रात्री हवा बहुतेक दमटच असते. म्हणजे पाऊस संपला, गाडी शेडमध्ये उभी आहे, कोणी हात लावत नाही, तरी पत्रा कुजतच असतो. गोड्या पावसाच्या पाण्याने गाडीचं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त डिसेंबर-जानेवारीच्या खाऱ्या दवाने होतं असं माझं मत आहे. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीबोटीने नेहमी जा-ये करणाऱ्या गाडीला खारे शिंतोडे मिळतात. किनाऱ्यावर वाळूत पळवलेल्या गाडीचं तर विचारूच नका. वाळू चासीच्या आत भरते आणि तिथेच खारी ओल धरून बसते. विकणारा कौतुकाने किनाऱ्यावर गाडी पळवतानाचे व्हिडिओ दाखवायला लागला की मी गाडी बघायचं थांबवतो. एक तर गाडी आतून खाल्लेली असणार. दुसरं म्हणजे आपल्या गुहागर, आंजर्ले, वेळासच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि ती घरटी वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत. पुळण ही गाडी चालवायची जागा नव्हे. हे मला इथे ठासून सांगायचं आहे.

आता खाली झोपायचं. अंगाखाली घ्यायला पोतं, डोक्याला लावायचा टॉर्च, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि लहान हातोडी एवढं घेऊन जा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र चुकूनही जाऊ नका. चाकं जमिनीवर, पाचर म्हणून चाकाला जांभ्याचा चिरा लावलेला, एवढं असलं तरी जीपेखाली माणूस सहज मावतो.

सुरुवात मागून करायची. मागच्या कमानपाट्यांची मागची टोकं शॅकलने, म्हणजे हलत्या कडीने चासीला जिथे लटकतात, ती जागा पहिली. चासीची पट्टी इथे डब्यासारखी बंद असते, मागच्या चाकाने उडवलेला चिखल हिच्यावर बसतो, आतही शिरतो, आणि बाहेर पडायला वाट नसते. गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंग चकचकीत असतानाही पत्रा आतून कागदाएवढा झालेला असू शकतो. हातोडीने हलकेच ठोकत पुढे सरकायचं. धड पत्रा टणक वाजतो आणि हातोडी उसळी घेते. कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो, हातोडी बसते, आणि तुमच्या चेहऱ्यावर तपकिरी पापुद्रे पडतात. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर उठायचं, मालकाचे आभार मानायचे आणि घरी यायचं. इंजिन कसं आहे, एसी चालतो का, टायर नवे आहेत का, यातलं काहीही नंतर बघायची गरज नाही.

तीच तपासणी चासीच्या आडव्या पट्ट्यांवर, बॉडी जिथे रबराच्या बुशांवर बसते त्या प्रत्येक कानावर, आणि पुढे स्टिअरिंगचा बॉक्स जिथे बोल्टांनी आवळलेला असतो तिथे करायची. स्टिअरिंग बॉक्सच्या आजूबाजूला केसाएवढी चीर दिसली तरी ती गंभीर. एका माणसाला वर बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खालून बघा. चीर असेल तर ती उघडताना-मिटताना दिसते.

खालून सगळं काळं कुळकुळीत, ओलसर चमकणारं दिसलं तर मला आनंद होत नाही, शंका येते. विक्रीच्या आठ दिवस आधी मारलेलं जाड अंडरकोटिंग हे बहुतेक वेळा गंजावर घातलेलं पांघरूण असतं. कोटिंगखाली हवा जात नाही, ओल मात्र आत अडकते. मला राखाडी, धुळकट, थोडी लालसर झालेली पण टणक चासी जास्त आवडते. ती जे आहे ते दाखवते. चासीवर नव्या पट्ट्या मारून वेल्डिंग केलेलं असेल तर ते कशासाठी केलं हे विचारा. ओझं वाहायला मारलेली पट्टी लांब आणि दोन्ही बाजूंना सारखी असते. भोक झाकायला मारलेली पट्टी छोटी, एकाच बाजूला आणि घाईची असते.

कुडाळकडच्या एका जुन्या मिस्त्र्यांनी मला हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं. "इंजिन काय, बांधून मिळता. चासी कुजली तर काय करतलंस?" मी आजही गाडी बघायला त्याच क्रमाने जातो. आधी चासी, शेवटी इंजिन.

गेल्या काही वर्षांत यात पुराची भर पडली आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच दिवसांत सावित्रीने महाड बुडवलं. किती गाड्या टपापर्यंत पाण्याखाली होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यांतल्या काही साफ होऊन, रंगून दूरच्या तालुक्यांत विकल्या गेल्या. राजापूर, खेड इथेही दर दोन-चार वर्षांनी बाजारपेठेत पाणी येतंच. पुरातली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, वरच्या भागात मातकट रेघ असते. सीटच्या रुळांवर, डॅशबोर्डच्या मागे हात जाईल तिथवर, हेडलाइटच्या भिंगाच्या आत गाळाची बारीक पूड राहते. पुराचा गाळ आपल्या लाल मातीपेक्षा राखट आणि गुळगुळीत असतो, बोटावर घेतला की कळतं. मालकाने आपणहून "पुरात होती, हे हे काम केलं, ही बिलं" असं सांगितलं तर मी त्या गाडीचा विचार करतो. साध्या डीआय इंजिनाची जीप उघडून, धुऊन, तेलं बदलून पुन्हा उभी करता येते. लपवलेलं सापडलं तर मात्र पुढे बोलायचं नाही.

मग प्रश्न येतो, ही फोर बाय फोर आहे का? हा प्रश्न भाबडा वाटेल, पण महिंद्राने यातली बरीच मॉडेलं टू व्हील ड्राइव्हमध्येही विकली. कमांडरच्या किती गाड्या साध्या होत्या, थारची डीआयसुद्धा साधी मिळायची. आत दुसरा छोटा गिअर दिसला म्हणजे झालं असं नाही. खाली वाकून बघा. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून पुढे जाणारा शाफ्ट जागेवर आहे का? पुढच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा गोळा आहे का? पुढचा शाफ्ट काढून ठेवलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. आवाज यायचा म्हणून कोणीतरी काढला, मग तो परत बसलाच नाही.

शाफ्ट असला तर मोकळ्या मातीत, चढावर जा. डांबरावर फोर व्हील घालून वळू नका, पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, डांबर त्यांना घसरू देत नाही आणि सगळा ताण गिअरांवर येतो. मातीत गाडी थांबवून मालकाला फोर लो (चारही चाकांचा कमी वेगाचा, जोराचा गिअर) घालायला, पहिला टाकायला आणि क्लच हळू सोडायला सांगा. तुम्ही आत बसू नका, बाहेर उभं राहून बघा. पुढच्या चाकाने माती मागे फेकली पाहिजे. साध्या डिफरन्शियलमध्ये एका ॲक्सलचं एकच चाक फिरताना दिसेल, तेवढं पुरे. जिप्सीसारख्या काही गाड्यांना पुढच्या चाकांवर फ्रीव्हील हब असतात, ते लॉक केल्याशिवाय पुढचं काही फिरणार नाही, हे लक्षात ठेवा.

चढापेक्षा उतार जास्त बोलतो. फोर लो, पहिला गिअर, ब्रेक-क्लचवरून पाय काढून गाडी उतारावर इंजिनच्या जोरावर सोडा. ट्रान्सफर केस झिजलेली असेल तर छोटा गिअर आपोआप उडून न्यूट्रलला येतो. हे सपाटीवर कधीच कळत नाही. आपल्या घाट्यांमध्ये, एका बाजूला गडगा (दगडी बांध) आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना असं झालं तर गाडीला धरून ठेवणारं उरतं ते फक्त ब्रेक, आणि ते ओले असतात. ही तपासणी करताना उतार छोटा आणि खाली मोकळी जागा असलेला निवडा, एक हात हँडब्रेकवर ठेवा.

पावसात गाडी बघायचा आणखी एक फायदा म्हणजे ॲक्सलचं तेल. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे बोल्ट उघडून थोडं तेल बोटावर घ्यायला मागा. चांगला मालक हरकत घेत नाही. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. ते जातं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. चालून चालून ॲक्सल तापतो, आतली हवा फुगते आणि वरच्या छोट्या ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) बाहेर पडते. तसाच गरम ॲक्सल पऱ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर तो हवा घेतो. चिखलाने बुजलेला असेल तर ॲक्सल ऑइल सीलमधून पाणी ओढून घेतो. पुढे बेअरिंग आणि क्राउन पिनियन गंजतात, घों घों आवाज सुरू होतो आणि खर्च मोठा निघतो. दोन-तीनशे रुपयांचा रबरी पाइप ब्रीदरला जोडून वर बॉनेटपर्यंत नेला की हे सगळं टळतं. ज्या गाडीला असा पाइप लावलेला दिसतो, तिचा मालक विचार करणारा आहे असं मी समजतो, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही.

पुढच्या चाकांचं चटकन सांगतो. चाक वर-खाली धरून हलवा, किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याची बेअरिंगं गेली असतील तर खडखडतं. जिप्सीच्या चाकामागच्या गोळ्यातून ग्रीस आणि तेल वाहताना दिसलं तर सील गेले आहेत. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर "अलाइनमेंट करून घ्या" या उत्तरावर थांबू नका. शाफ्टचे क्रॉस (सांधे) गेले असतील तर गाडी सोडताना खालून ठक्क असा आवाज येतो, ते काम स्वस्त आहे. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुनं रबर ओल्या जांभ्यावर धरत नाही.

इंजिनाबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी थोडक्यात. तुम्ही पोचायच्या आधी गाडी चालू करू नका असं सांगून ठेवा, आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सकाळी परत या. गार इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडा, तिथून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर पिस्टन रिंगा थकल्या. निळा धूर ऑइलचा, काळा डिझेल जास्त जात असल्याचा, आणि तापल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर पाणी आत जात असल्याचा. रेडिएटरच्या जाळ्या बोटाने दाबून बघा, किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या जाळ्या खाऱ्या हवेने भुगा झालेल्या असतात आणि घाट चढताना गाडी तापते.

कुठलं इंजिन घ्यावं यावर माझं मत पक्कं आहे. पुण्यात राहून वर्षातून एकदा येणार असाल तर थारची सीआरडीई, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारं डिझेल इंजिन असलेली सुखाची. तिला ताकद आहे, पुढचं सस्पेन्शनही सुटं आहे, दोन्ही चाकं आपापली उसळतात. पण गाडी किनाऱ्यावरच राहणार असेल तर साधं डीआय घ्या. सीआरडीईच्या सेन्सरांच्या सॉकेटमध्ये खारी ओल शिरते, पिना हिरव्या होतात, गाडी अडून बसते, आणि तिला कॉम्प्युटर लावणारा माणूस तालुक्याच्या गावीच भेटतो, तोही त्या दिवशी मोकळा असला तर. डीआय आमच्या वाडीतल्या मिस्त्र्यांना कळतं. जिप्सी हलकी आहे, चिखलात ती जाते तशी जड जीप जात नाही, आणि लष्करात इतकी वापरली गेल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. पेट्रोल मात्र पिते, आणि पायाखालचा पत्रा लवकर खाते. मॅट उचलून बघितल्याशिवाय जिप्सीवर बोलणी करू नका.

कागद. इथे लोक कंटाळतात आणि एजंटावर सोपवतात.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर. नूतनीकरणाचं शुल्क मोटारीसाठी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी नंतर आणखी वाढलं. गाडीची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्यानेच करून द्यावं, असा आग्रह धरा. ते झालं म्हणजे आरटीओच्या निरीक्षकाने गाडी पाहिली, क्रमांक जुळले, हे आयतंच सिद्ध होतं. चासीवर ठोकलेला क्रमांक स्वतः घासून, ओल्या फडक्याने पुसून, आरसीशी (नोंदणीच्या कागदाशी) एकेक अंक लावून बघा. आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याची चमक असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी.

एमएच ०८ रत्नागिरी, एमएच ०७ सिंधुदुर्ग, एमएच ०६ पेण. याबाहेरच्या पाटीची गाडी असेल तर मूळ आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात हवं. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांत चांगल्याही असतात, कारण तिकडची हवा कोरडी आणि चासी बरी राहते. फक्त कागद पूर्ण हवेत. लष्कराच्या लिलावातली म्हणून सांगितली जाणारी जीप असेल तर लिलावाचे मूळ कागद मागा. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३पासून होत नाही, त्या भंगारात जातात, त्यामुळे सरकारी पाटी उतरवलेली गाडी कोणी देऊ केली तर दूर राहा. वडापची पिवळ्या पाटीची गाडी घरच्या वापरासाठी घ्यायची तर ती आधी खाजगीत बदलून मिळाली पाहिजे.

आणि ते देखणे बदल. जाड टायर, उंच केलेली गाडी, कापून आखूड केलेला सांगाडा, टू व्हीलमधून बनवलेली फोर व्हील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मोठा बदल परवानगीशिवाय चालत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. दंड भरता येईल. पण उद्या घाटात कोणाला धक्का लागला आणि विमा कंपनीने गाडी आरसीप्रमाणे नाही म्हणून हात वर केले, तर घर विकावं लागेल. म्हणून मी मूळ रूपातली, जुनाट दिसणारी गाडी निवडतो आणि तसंच इतरांना सांगतो.

हे सगळं मनासारखं झालं की लगेच किमतीवर येऊ नका. मालकाशी गप्पा मारा. "काका, का विकताय?" असं सरळ विचारा. "मुलगा मुंबईला, आता मला क्लच दाबवत नाही" हे उत्तर मला पटतं. "दुसरी घेतली" यावर मी दुसरी कुठली ते बघतो. किंमत ठरवताना तेवढीच रक्कम जवळ असेल तर थांबा. गाडी घरी आल्याबरोबर सगळी तेलं, ब्रेकचे पाइप, बेल्ट, रेडिएटरचे होज आणि पाट्यांचे बुश बदलावे लागतात. किमतीचा निदान चौथा हिस्सा बाजूला असावा, आणि हा खर्च पहिल्या महिन्यातच करावा.

विसार देताना साध्या कागदावर का होईना, गाडीचा क्रमांक, चासी आणि इंजिनचे क्रमांक, ठरलेली किंमत, दिलेली रक्कम आणि कुठल्या तारखेपर्यंत ना-हरकत व हस्तांतरण करून द्यायचं ते लिहून दोघांनी सही करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ना-हरकत आलं नाही तर विसार परत, हेही त्यात लिहा. उरलेले पैसे बँकेतून द्या, आरटीओत कागद जमा झाल्याची पावती मिळेल त्या दिवशी.

अजून विसार दिलेला नसेल, गाडी रत्नागिरी जिल्ह्यात असेल आणि पाऊस चालू असेल, तर मला कळवा. पोतं आणि हातोडी घेऊन येतो.